वीस तासांत तीन संकटं: मेंतावाई, मेरापी आणि मदतीचा रस्ता

आजच्या भागात आपण इंडोनेशियाला जाणार आहोत, २०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यात. भूकंप, त्सुनामी आणि ज्वालामुखी, तिन्ही संकटं या एका देशावर वीस तासांच्या आत आली. पण मला आज संकटांपेक्षा त्यानंतरच्या मदतीबद्दल जास्त बोलायचंय. दोन ठिकाणं, सरकार एकच, आणि तरी मदत पोहोचण्यात एवढा फरक का पडला?

आधी घटनाक्रम बघू. २५ ऑक्टोबरला रात्री पावणेदहाच्या सुमारास, सुमात्राच्या पश्चिमेला मेंतावाई बेटांजवळ समुद्राखाली ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. हा भूकंप मोठा फसवा होता. जमिनीखालची फट सावकाश फाटत गेली, त्यामुळे वर हादरा बेताचाच जाणवला. २००७ साली याच भागात ८.४ चा भूकंप झाला होता. तेव्हा जमीन जोरात हलली, पण लाट काही तेवढी मोठी आली नव्हती. त्यामुळे या वेळी बरेच लोक घरातच थांबले. काही मिनिटांत लाट आली, काही ठिकाणी तर १० मीटरहून उंच. त्सुनामीचा इशारा निघाला होता, पण पश्चिम किनाऱ्यावरच्या दुर्गम वाड्यांपर्यंत तो पोहोचवायला साधनच नव्हतं. ४०० हून जास्त माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास, हजार किलोमीटरहून लांब, जावा बेटावर योग्याकार्ता शहराजवळचा मेरापी ज्वालामुखी फुटला.

आता मेंतावाईची मदत कशी गेली ते ऐका. देशाकडे यंत्रणा नव्हती असं मुळीच नाही. २००४ च्या त्सुनामीत आचे प्रांतात जगभरातून शेकडो संस्था येऊन थडकल्या होत्या. कोण कुठे काय करतंय याचा मेळ घालताना नाकी नऊ आले होते. त्या अनुभवातून कायदा झाला आणि २००८ मध्ये ‘बीएनपीबी’ ही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था उभी राहिली. सामान निघालंही. पण पाडांग बंदरातून बेटावरच्या सिकाकाप गावापर्यंत रात्रभराचा बोटीचा प्रवास. तिथून पुढे पश्चिम किनाऱ्याला धड रस्ता नाही. छोट्या होड्या, नाहीतर पायपीट. त्यात हवामान बिघडलं, होड्या आणि हेलिकॉप्टर दोन्ही अडकून पडले. सिकाकापला मदतीचा ढीग लागला आणि काही तासांच्या अंतरावर माणसं उपाशी बसून राहिली. सामान होतं, पण शेवटचे काही किलोमीटर कोणाकडेच नव्हते. कुठल्या वाडीत किती जण उरलेत, हेसुद्धा कळायला दिवस गेले.

मेरापीकडे चित्र वेगळं होतं. २५ तारखेलाच शास्त्रज्ञांनी धोक्याची सर्वांत वरची पातळी जाहीर केली आणि १० किलोमीटरच्या आतली गावं रिकामी करायला सांगितलं. पुढे हा पट्टा १५ आणि मग २० किलोमीटर झाला. ४-५ नोव्हेंबरच्या रात्रीचा उद्रेक सर्वांत भीषण होता. एकूण ३५० च्या वर माणसं गेली, पण साडेतीन लाखांहून जास्त लोक हलवले गेले होते. वेळेवरच्या इशाऱ्यामुळे १०,००० ते २०,००० जीव वाचले असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पण इशारा दिला की माणूस उठतोच असं नाही, बरं का! डोंगराचे परंपरागत राखणदार म्हणून मान असलेले म्बाह मारिजान २००६ च्या उद्रेकातही घर सोडून गेले नव्हते, आणि वाचले होते. २०१० मध्येही ते गेले नाहीत, आणि पहिल्याच उद्रेकात वारले. दुसरी अडचण गुरांची. लोक छावणीत रात्र काढायचे आणि सकाळी गायींना वैरण घालायला परत धोक्याच्या पट्ट्यात जायचे. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो काय वेगळं करेल? शेवटी सरकारने ही गुरं विकत घेण्याची घोषणा केली. म्हणजे गोठ्याचा विचार केल्याशिवाय माणसांची सुटका पुरी होत नव्हती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळी सूत्रं बीएनपीबीच्या एकाच कमांडखाली आणली गेली.

आणि आता माझ्या आवडीचा भाग. ‘जालिन मेरापी’ नावाचं एक माहितीचं जाळं होतं. छावण्यांमधले स्वयंसेवक कळवायचे की इथे काय कमी आहे आणि कोणाशी बोलायचं. ते ट्विटरवर, वेबसाइटवर आणि रेडिओवर जायचं. अफवाही खोडल्या जायच्या. एका टीव्ही कार्यक्रमाने योग्याकार्तावर आणखी मोठं संकट येणार असं सांगून लोकांची घाबरगुंडी उडवली होती, तेव्हा खरी माहिती देणारं कोणीतरी असणं फार गरजेचं होतं.

बाहेर गाजावाजा झाला तो ट्विटरचा. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, मलाही तो भाग भारी वाटतो. पण मुळाशी जा. हे जाळं २००६ च्या उद्रेकाच्या वेळीच विणलं गेलं होतं, आणि तेही डोंगराच्या उतारावरच्या छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रांनी, एका स्थानिक संस्थेच्या साथीने. ही केंद्रं गावातलीच माणसं चालवत होती. आवाज ओळखीचा, म्हणून विश्वास. ट्विटर त्याच्यावर नंतर बसलं.

आपत्ती आली की आमच्या क्षेत्रातली मंडळी लगेच ॲप आणि डॅशबोर्ड बांधायला बसतात. हेतू चांगलाच असतो. पण डॅशबोर्डवरचा ‘सिकाकाप: सामान पोहोचलं’ हा हिरवा ठिपका खरा असूनही माणसं उपाशी राहू शकतात. तो ठिपका खोटा आहे हे सांगणारा माणूस त्या शेवटच्या वाडीत असायला हवा, आणि त्याचा आवाज वरपर्यंत यायला हवा. मेरापीला तशी माणसं चार वर्षं आधीपासून होती. मेंतावाईच्या पश्चिम किनाऱ्यावरून असा आवाज वेळेत वर पोहोचला नाही.

समन्वय हा संकट आल्यावर बोटीत घालून पाठवण्याचा माल नाही. तो शांततेच्या काळात, कोणी बघत नसताना, कंटाळवाण्या बैठकांमधून आणि गावच्या रेडिओवरच्या बाजारभावाच्या बातम्यांमधून तयार होतो.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात पूर आला, दरड कोसळली, तर पहिली खबर कोण देतं आणि ती कोण ऐकतं, हे आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच!