कॅथेटरवरील थरापुढे प्रतिजैविके का हरतात?

सेलू (जि. परभणी) : परभणी, नांदेड वा छत्रपती संभाजीनगर येथे शस्त्रक्रिया करून गावी परतलेल्या रुग्णास पुष्कळदा लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, लावलेली असते. काही दिवसांनी लघवी गढूळ होते, ताप चढतो. गोळ्यांनी तो ओसरतो आणि गोळ्या संपताच पुन्हा येतो. अशा वेळी दोष बहुधा गोळीचा नसून नळीवर साचलेल्या जिवाणूंच्या थराचा असतो.

या थरास ‘बायोफिल्म’ म्हणतात. न घासलेला माठ आतून बुळबुळीत होतो, तो याचाच प्रकार. नळीला चिकटलेले जिवाणू शर्करा, प्रथिने व डीएनए यांचे आवरण स्वतःभोवती तयार करतात. त्यातून औषध सावकाश झिरपते. पण खरी अडचण निराळीच आहे. तळाच्या जिवाणूंना अन्न व प्राणवायू कमी मिळत असल्याने त्यांची वाढ जवळपास थांबते आणि पेनिसिलिनसारखी औषधे तर वाढणाऱ्या जिवाणूंवरच घाव घालतात. मोकळ्या जिवाणूंना मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट, क्वचित हजार पट औषधही येथे अपुरे पडते. एवढी मात्रा रुग्णाला देणे अर्थातच शक्य नाही.

नळी असताना दररोज सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जिवाणू आढळतात. महिनाभरात जवळजवळ सर्वांच्याच. म्हणून ताप वा अन्य लक्षण नसताना केवळ तपासणीचा अहवाल पाहून प्रतिजैविक सहसा देत नाहीत. गर्भवती व मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हावयाची असलेले रुग्ण हे अपवाद. लक्षणे असून नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर ती काढावी. गरज असल्यास नवी घालून तिच्यातून नमुना घ्यावा व मग औषध सुरू करावे, असा तज्ज्ञांचा संकेत आहे. दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्यांच्या हे गावीही नसते.

डायलिसिससाठी मानेतून घातलेली नळी सहज बदलता येत नाही. तेथे कधीकधी नळीच्या पोकळीतच तीव्र प्रतिजैविक, बहुधा हेपॅरिनसह, भरून ठेवतात. शिरेतून औषधही चालू असते. मात्र ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ आढळल्यास नळी काढणेच श्रेयस्कर मानले जाते.

या जिवाणूविरुद्ध वोक्हार्ट कंपनीने विकसित केलेल्या लिव्होनाडिफ्लॉक्सासिनला २०२० मध्ये भारतात मान्यता मिळाली. कंपनीचे संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगरलाच आहे. प्रयोगशाळेत या औषधाने बायोफिल्ममधील जिवाणूही मारले. मान्यता मात्र त्वचेच्या संसर्गासाठी आहे, कॅथेटरसाठी नव्हे.