हुंडी, मोर्तब आणि दुकानाचे तोतये

१/ गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या मसालेवाल्या काकूंना अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले : “आगाऊ पैसे घेतलेत, पार्सल कुठे आहे?” नावात एका अक्षराचा फरक करून आणि काकूंचीच छायाचित्रे लावून कुणीतरी इन्स्टाग्रामवर दुसरे दुकान थाटले होते. पैसे त्याने नेले, नाव गेले काकूंचे. त्या निमित्ताने हा धागा.

२/ अशा माणसासाठी मराठीत जुना शब्द आहे : तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक जण प्रकटला. १७७६ मध्ये कोकणातले काही किल्लेही त्याच्या हाती गेले. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. तोतयाला स्वतःचे काहीच उभारावे लागत नाही. दुसऱ्याने कमावलेला विश्वास त्याला आयता मिळतो.

३/ म्हणूनच जुन्या कागदांची रचना संशय गृहीत धरून झालेली दिसते. शिवकालीन राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब असे. ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उमटले की पत्राची मर्यादा तेथे संपली. त्याखाली कुणी ओळ घुसडली तर ती ग्राह्य नाही. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्याच व्यवहारातून आला.

४/ व्यापाऱ्यांची कसोटी याहून कठीण होती. पुण्याच्या सावकाराने काशीच्या आडत्यावर हुंडी लिहिली की कागद प्रवास करी आणि नाणे जागच्या जागी राही. अर्थात, कागद बनावट निघाला तर थेट तिजोरीलाच भगदाड. यावर पेढ्यांनी तीन बंदोबस्त केले.

५/ पहिला, ‘निमे’. शंभराची हुंडी असेल तर रक्कम लिहून पुढे ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट शंभर’ अशा अर्थाचा मजकूर येई. एक शून्य वाढवणे सोपे; पण मग निम्मी रक्कमही बदलावी लागे आणि खाडाखोड उघडी पडे. धनादेशावर आपण आजही रक्कम अक्षरी लिहितो, ती याच सावधगिरीने.

६/ दुसरा, अलाहिदा पत्र. हुंडी लिहिणारा आपल्या आडत्याला स्वतंत्रपणे मजकूर कळवी. हुंडी समोर आली की आडत्या दोन्ही ताडून पाही. तोतयाने हुंडी हुबेहूब केली, तरी दुसऱ्या वाटेने गेलेले पत्र त्याच्या हाती नसे.

७/ तिसरा, शहाजोग हुंडी. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच मिळत. हुंडी आणणाऱ्याची चौकशी करणे हे शहाचे काम. पुढे ती बनावट ठरली तर पैसे परत करण्याची जबाबदारीही त्याच्यावर येई. विश्वास होता, पण त्याला जामीन होता.

८/ काकूंनी आता जे केले आहे, ते याहून निराळे नाही. पाकिटावर एकच फोन क्रमांक आणि पैसे कोणत्या नावाने जमा होतील ते छापले. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर तेच नाव दिसते का, हे गिऱ्हाइकाने पाहावे. हे झाले निमे. नव्या खात्यावरून मागणी आली तर छापील क्रमांकावर फोन करून विचारावे. हे अलाहिदा पत्र. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट कुणी दाखवला तरी काकू आधी बँकेतली जमा पाहतात. जुनी गिऱ्हाइके खोटे पान दिसताच तक्रार नोंदवतात. ते काकूंचे शहा.

९/ एवढे करूनही फसवणूक झालीच, तर लाज बाळगून गप्प बसू नये. खोट्या पानाची आणि संभाषणाची छायाचित्रे जपावीत, ज्याचे पैसे गेले त्याने तातडीने १९३० वर कळवावे. संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे; तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

१०/ शिक्का हुबेहूब करणारे त्या काळीही होते. पेढ्या टिकल्या, कारण शिक्का पाहूनही दुसऱ्या वाटेने विचारण्याची रीत होती आणि तसे विचारण्यात कुणाला अपमान वाटत नसे. तुमच्या घरी जुनी हुंडी असेल तर तिच्यावर ‘निमे’ शोधा. सापडले तर खाली जरूर कळवा.