झिजलेला बोल्ट आणि त्याची पकड

यंत्रयुगाचा इतिहास बहुधा मोठ्या यंत्रांच्या नावांनी सांगितला जातो. वाफेचे इंजिन, आगगाडी, विजेचे जनित्र यांची वर्णने शाळेतील मुलांनाही पाठ असतात. परंतु ही सारी यंत्रे ज्याच्या आधारावर जोडलेली राहतात, त्या बोल्टाची आठवण तो उघडेनासा झाला म्हणजेच होते. पाना लावावा, जोर करावा, आणि बोल्ट सुटण्याऐवजी त्याच्या डोक्याचे कोपरेच झिजून गोल व्हावेत, हा अनुभव प्रत्येक कारखान्यात नित्याचा आहे. त्याला कारागिराचा हिसका जबाबदार आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः त्याच्या मागे मापांच्या गोंधळाचा शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास उभा असतो. हा इतिहास समजून घेण्यास तेलंगणातील आदिलाबाद हा जिल्हा फार सोयीचा आहे.

पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेला हा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मराठी प्रदेशाकडे आले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१६ साली त्याचेही चार जिल्हे झाले. सीमा बदलल्या, तरी काळी जमीन आणि तीवरचा कापूस बदलला नाही. मराठी, तेलुगू, गोंडी आणि दखनी या भाषा येथे एकाच बाजारात ऐकू येतात, आणि यंत्रशाळेत तर ‘पाना’ हा एकच शब्द मराठी व तेलुगू मिस्त्री सारख्याच सहजतेने वापरतात. या जुन्या जिल्ह्याचे दोन यंत्रोद्योग प्रमुख: एक सरकी काढण्याच्या गिरण्यांचा, म्हणजे जिनिंगचा, आणि दुसरा बेल्लमपल्लीच्या बाजूच्या कोळशाच्या खाणींचा. या दोन्ही ठिकाणी अडलेला बोल्ट जाळाने सोडविणे धोक्याचे असते. एकीकडे सभोवती रुई उडत असते, दुसरीकडे कोळशाची धूळ आणि पेट घेणारा वायू यांचे भय असते. म्हणूनच बोल्टाची पकड हा येथे केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

बोल्ट आणि नट ही जोडी जुनी आहे. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत प्रत्येक कारखानदार आपल्या मनाप्रमाणे आटे पाडीत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसेल याची शाश्वती नव्हती. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट जमवून त्यांची मापे ताडून पाहिली आणि पंचावन्न अंशांच्या कोनाचे आटे सर्वांनी स्वीकारावेत असे सुचविले. इंग्लंडमधील रेल्वे आणि गिरण्या यांनी ते मान्य केले. अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्स याने साठ अंशांचा कोन पुढे मांडला. युरोपखंडातील देश मीटर-मिलिमीटरच्या मार्गाने गेले. अशा रीतीने एका गोंधळाच्या जागी तीन शिस्ती आल्या, आणि ज्या देशांनी या तिन्हींकडून यंत्रे विकत घेतली त्यांच्या वाट्यास तिहेरी गोंधळ आला.

हिंदुस्थान अशा देशांपैकी एक होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोल आले. त्यानंतर वऱ्हाडात व त्याच्या शेजारच्या कापूसपट्ट्यात इंग्रजी बनावटीची जिने पसरत गेली. फोन्स मॅकार्थी या अमेरिकनाने १८४० साली काढलेल्या रुळाच्या जिनाची ती सुधारलेली रूपे होती. या जिनात चामड्याचा रूळ कापसाचे तंतू ओढून घेतो, आणि सुऱ्यांच्या आघाताने सरकी अलग होते. चामडे झिजते, म्हणून रुळाला पुन्हा पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, काही काळाने रूळ बदलावाही लागतो, आणि सुऱ्यांचे अंतर नव्याने जुळवावे लागते. याचा अर्थ असा की, तेच ते बोल्ट एका हंगामात अनेकदा उघडले व आवळले जातात. पुढे पावसाळा येतो. यंत्रे महिनोन्‌महिने ओलसर हवेत स्तब्ध उभी असतात आणि आट्यांत गंज धरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास हंगाम तोंडावर आला म्हणजे, आधीच झिजलेले डोके आणि गंजलेले आटे यांची एकदमच गाठ पडते. त्या दिवशी एक जिन बंद राहिले तर बाजारात आलेल्या शेतकऱ्याची गाडी त्या मानाने अधिक काळ खोळंबते.

इंग्रजी यंत्रांबरोबर व्हिटवर्थचे पाने आले, आणि त्यांबरोबर एक चमत्कारिक रूढीही आली. व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेला आकडा हा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टाच्या दांड्याच्या जाडीचा असतो. ‘अर्धा इंच’ असे लिहिलेल्या जुन्या पान्याचे तोंड सुमारे तेवीस मिलिमीटर असे. पुढे लोखंड वाचविण्यासाठी बोल्टांची डोकी एका मापाने लहान करण्यात आली, तेव्हा त्याच अर्ध्या इंचाच्या बोल्टाला सुमारे एकवीस मिलिमीटरचे तोंड लागू लागले. अमेरिकन पद्धतीच्या पान्यावर मात्र समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतरच लिहिलेले असते, म्हणून तेथे अर्धा इंच म्हणजे खरोखरच १२.७ मिलिमीटर. एकच आकडा आणि तीन निरनिराळी तोंडे!

१९४८ साली अमेरिका, इंग्लंड व कॅनडा यांनी आट्यांचे एक सामाईक मान ठरविले. भारतात १९५६ साली मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून दशमान वजने-मापे टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. परंतु कायद्याने जुनी यंत्रे वितळत नाहीत. शेतीच्या यंत्रांनी तर ही सरमिसळ खेड्यापर्यंत नेली. १९५९ साली फरिदाबादला जर्मन सहकार्याने आयशर ट्रॅक्टर तयार झाला. १९६३ पासून महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने ट्रॅक्टर आणले. १९७१ साली एचएमटीने झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून आपला ट्रॅक्टर बनविला. एकाचे बोल्ट इंचाचे, दुसऱ्याचे मिलिमीटरचे. आणि दुरुस्ती करणारा मिस्त्री मात्र एकच, पुष्कळदा पान्यांचा एकच संच बाळगणारा. मिलिमीटरच्या मानातही मागाहून बदल झाला. दहा मिलिमीटरच्या बोल्टाचे डोके जुन्या जर्मन मानाप्रमाणे सतरा मिलिमीटरचे, तर आंतरराष्ट्रीय मानाप्रमाणे सोळाचे असते. बारा मिलिमीटरच्या बोल्टाचे डोके पूर्वी एकोणीस होते, ते अठरा झाले.

यात फसवणूक अशी की, कित्येक मापे जवळजवळ सारखी असतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तो पाना एकोणीसच्या बोल्टावर बिनधोक चालतो. पण अकरा-सोळांश इंच म्हणजे १७.४६ मिलिमीटर. सतराच्या बोल्टावर तो बसतो, फिरतोही, आणि त्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहते. एवढ्या फटीने काय होते हे थोड्या हिशेबाने ध्यानात येईल. पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास वीस किलोंचा जोर लावला, तर बोल्टावर पाचशे किलो-सेंटिमीटरचे बळ येते. सतराच्या षट्कोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतील अंतर सुमारे १९.६ मिलिमीटर असते. उघड्या तोंडाचा पाना केवळ दोन कोपऱ्यांवर टेकतो. तेव्हा ढोबळ मानाने प्रत्येक कोपऱ्यावर अडीचशे किलोंहून अधिक भार पडतो, आणि तोही एका रेषेवर. तोच जोर सहाही ठिकाणी सारखा वाटला गेला तर प्रत्येक ठिकाणी सुमारे पंच्याऐंशी किलोच राहतो. नरम लोखंडाचा कोपरा पहिल्या भाराखाली चेपतो, दुसऱ्याखाली टिकतो. बोल्ट गोल होण्याचे मर्म हेच आहे.

एकदा कोपरे गेले की जुने कारागीर छिन्नी-हातोडा घेत, अथवा डोक्यावर जाळ धरीत. तापविलेले लोखंड प्रसरण पावते, गंजाची पकड सुटते, यात असत्य काही नाही. परंतु जिनात हवेत तरंगणारी रुई आणि यंत्राच्या सांदीत साठलेली धूळ एका ठिणगीने पेट घेते, आणि कापसाची आग आतून धुमसत राहते. खाणीत तर उघड्या ज्वाळेविषयी कडक निर्बंध असतात. म्हणून जेथे आग वर्ज्य आहे तेथे आगीवाचून पकड साधणारे हत्यार हवे होते. ते दोन निरनिराळ्या वाटांनी आले.

पहिली वाट सॉकेटची. डोक्यावर टोपीसारखे बसणारे हे हत्यार पूर्वी अखंड दांड्याचे असे, व प्रत्येक मापाला वेगळे लागे. १९२० साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरी जोसेफ जॉन्सन याने स्नॅप-ऑन ही कंपनी काढली. पाच मुठी आणि दहा सॉकेटे यांनी पन्नास पान्यांचे काम करावे, ही तिची मूळ कल्पना. मूठ व सॉकेट जोडणारा चौकोनी खुंट तेव्हा इंचात ठरला. आज मिलिमीटरच्या संचातही तो इंचाच्याच मापाचा असतो. १९६० च्या दशकात सॉकेटच्या आतल्या बाजूंना असा आकार देण्यात आला की, जोर कोपऱ्यावर न पडता कोपऱ्याच्या अलीकडील सपाट भागावर पडावा. कोपरा थोडासा झिजला असला तरी बाजू शाबूत असते, आणि असे सॉकेट तिलाच धरते.

दुसरी वाट आघाताची. १९३० च्या दशकात अमेरिकेत आघाताचे पाने तयार झाले. त्यांत मोटर अथवा दाबलेली हवा एका घणास फिरवते, आणि तो घण खुंटावर क्षणोक्षणी ठोके देतो. सततच्या ओढीने जे सुटत नाही ते आट्यांतील गंज या लहान ठोक्यांनी फुटून सुटते, आणि कामगाराच्या मनगटास हिसकाही कमी बसतो. मात्र या ठोक्यांखाली साधे चकचकीत सॉकेट टिकत नाही. ते क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे, कठीण आणि पातळ भिंतीचे असते. आघाताने ते तडकते व त्याचे तुकडे उडून डोळ्यास इजा होऊ शकते. आघातासाठी बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची, जाड भिंतीची, काळ्या रंगाची सॉकेटे बनवितात. ती किंचित नरम असल्याने धक्का सोसतात.

यावरून निवडीचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम डोके तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावे, गंजात झिरपणारे तेल सोडून त्यास अवधी द्यावा, आणि कॅलिपरने माप घ्यावे. अंदाजाने घेऊ नये. कोपरे थोडेच झिजले असतील तर बारा कोनांचे सॉकेट टाळून सहा कोनांचे, बाजू धरणारे सॉकेट निवडावे, आणि ते डोक्यावर पूर्ण खोल बसले आहे हे पाहावे. ते सैल वाटले तर इंच व मिलिमीटर या दोन्ही संचांतून जवळचे लहान माप शोधून हातोड्याने ठोकून बसवावे. येथे मापांचा जुना गोंधळच उपयोगी पडतो, कारण दोन मिलिमीटर-मापांच्या मध्ये पडणारे माप पुष्कळदा इंचाच्या संचात सापडते. कोपरे मुळीच उरले नसतील तर आतून उलट्या पिळाच्या धारा असलेले, निमुळते सॉकेट घ्यावे. ते ठोकून बसविल्यावर डावीकडे फिरविताच त्याच्या धारा अधिकाधिक खोल रुततात. आघाताच्या पान्यावर चालविण्यास ते बनविले आहे की नाही, हे आधी पाहावे. अशा सॉकेटने बोल्ट आवळता येत नाही, व त्याने काढलेला बोल्ट पुन्हा बसवू नये.

रुईच्या जागी आणखी एक दक्षता हवी. विजेच्या पान्याच्या मोटरीत ठिणग्या पडू शकतात, म्हणून तेथे हवेवर चालणारा पाना बरा. तरीही पोलादावर पोलाद आपटतेच. तेव्हा आधी यंत्र थांबवून सभोवतीची रुई झाडून काढणे अगत्याचे. ज्या खाणीत वायूचे भय आहे तेथे खाणीचे नियम सांगतील तेच हत्यार वापरावे.

आणि बोल्ट निघाल्यावर काम संपत नाही. नवा बोल्ट कोणत्या मानाचा हे पाहून तोच बसविणे, आट्यांना ग्रीस लावणे, आणि त्याचे माप यंत्राच्या वहीत नोंदविणे एवढे केले, तर पुढील दसऱ्यास येणाऱ्या मिस्त्रीचे अर्धे श्रम वाचतील. आदिलाबादच्या जिनांत आज व्हिटवर्थचे जुने बोल्ट आणि मिलिमीटरचे नवे बोल्ट शेजारी शेजारी आढळणे अशक्य नाही. त्यांतील कोणता कोणता, हे डोळ्यांना ओळखू येत नाही. ते कॅलिपरलाच विचारावे लागते. तेवढा प्रश्न विचारण्यास फार झाले तर एक मिनिट लागेल. तो न विचारल्याने सारी गिरणी खोळंबून राहिली, तर तो खोळंबा कापसाची गाडी घेऊन दाराशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला भोगावा लागतो.