काळ्या दाण्याची कहाणी

औषधांच्या कारखान्यांतील कामगारांत आम्ही पुष्कळ वर्षे वावरलो. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबविणाऱ्या इंजेक्शनांच्या पेट्या भरणाऱ्या एका बाईने आम्हांस एकदा विचारले, "दादा, हे कशाचे करतात हो?" आम्हांस उत्तर आले नाही. शाळा आमची लवकर सुटलेली. तेव्हा ग्रंथालयाची वाट धरली. हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवतो.

युरोपात राय नावाचे, गव्हाच्या जातीचे धान्य पिकते. ओलसर वर्षी त्याच्या कणसात दाण्याच्या जागी कोंबड्याच्या नखीसारखी काळी गाठ येते. तीच अरगट. गरिबांची भाकरी ह्याच धान्याची, आणि टंचाईत निवडीत बसणे कोणास परवडणार? असे पीठ पोटात गेले की हातापायांची आग होई, ते काळे पडत, झडत. लोक ह्याला संत अँथनीचा अग्नी म्हणत. 1095 च्या सुमारास ह्या रोग्यांच्या शुश्रूषेसाठी फ्रान्समध्ये एक संघ निघाला. परंतु ही गाठ बुरशीचीच एक अवस्था आहे, हे त्यूलान ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले ते 1853 साली! पुढे 1918 साली बाझेल येथे श्टोल ह्यांनी तिच्यातून एर्गोटामीन वेगळे केले, आणि 1935 साली बाळंतिणीचे औषध, एर्गोमेट्रिन, हाती आले.

हे विष बुरशी करते कसे? अगदी कारखान्याप्रमाणे. कच्चा माल ट्रिप्टोफॅन. प्रथिनांत असणारे हे अमायनो आम्ल, आणि त्यात इंडोल नावाचे जोडकडे. पहिले विकर त्याला पाच कार्बनांचा तुकडा जोडते. पुढची विकरे आणखी दोन कडी बांधून त्याचे लायसर्जिक आम्ल करतात. शेवटच्या खात्यात त्याला तीन अमायनो आम्ले जोडली, की एर्गोटामीन तयार. ते रक्तवाहिन्या आवळते, म्हणून हातपाय झडत. त्याच लायसर्जिक आम्लाला निराळा, लहान तुकडा जोडला की एर्गोमेट्रिन होते. ते गर्भाशय आवळते आणि आईचा जीव वाचविते. ह्या कामाची जनुके बुरशीत शेजारी शेजारी बसलेली आहेत, हे 1999 साली जर्मनीत उघड झाले.

ही गोष्ट परदेशापुरती नाही. 1956-57 साली त्या वेळच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेली बाजरी खाऊन लोक आजारी पडले. ओकाऱ्या झाल्या, घेरी आली. हातपाय मात्र झडले नाहीत. कारण काय? बाजरीवरची बुरशी वेगळ्या जातीची. 2007 साली तिची जनुके तपासली, तेव्हा तिच्या कारखान्याची शेवटची खाती बंद पडलेली दिसली. लायसर्जिक आम्ल तिच्याकडून होतच नाही. माल आधीच्याच टप्प्यावर थांबतो.

म्हणजे आपली माणसे बचावली ती बुरशीतल्या उणिवेमुळे; कोणाच्या दक्षतेमुळे नव्हे. खरे तर उपाय साधा आहे. पाच भाग पाण्यात एक भाग मीठ विरघळवून त्यात बाजरी टाकली, तर अरगटाच्या गाठी वर तरंगतात. त्या काढाव्यात आणि दाणे स्वच्छ पाण्याने धुवावेत. पण ज्याला धान्य मोजून मिळते, त्याने त्यातले किती फेकावे? म्हणून आमचे मागणे एवढेच, की ही निवड गोदामात व्हावी. कामगाराच्या परातीत नव्हे. त्या बाईला उत्तर देताना आम्ही हेही सांगितले.