प्राथमिक आरोग्यसेवेतील मानसिक आजार व व्यसनविकार

प्राथमिक आरोग्य केंद्र, सरकारी दवाखाना किंवा फॅमिली डॉक्टर अशा पहिल्या पायरीवरच्या वैद्यकीय सेवेकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये आढळणारे मानसिक आजार आणि दारू, तंबाखू व इतर मादक पदार्थांच्या सेवनातून उद्भवणारे विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या बहुराष्ट्रीय पाहणीनुसार अशा प्रौढ रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना निदान करण्याजोगा मानसिक विकार असतो. पाहणीचे ठिकाण, मोजमापाचे साधन आणि निदानाचे निकष बदलले की हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतून पन्नास टक्क्यांच्या पुढेही जाते. बहुतेक रुग्ण मनाची तक्रार सांगायला आलेलेच नसतात. त्यामुळे निम्म्याच्या आसपास रुग्णांचा आजार डॉक्टरांच्या लक्षात येत नाही.

स्वरूप : मनोरुग्णालयात दिसणारे आजार आणि साध्या ओपीडीत दिसणारे आजार यांत मोठा फरक असतो. छिन्नमनस्कता व द्विध्रुवीय विकार यांचे रुग्ण प्राथमिक पातळीवर तुलनेने थोडे असतात. तेथे प्रामुख्याने नैराश्य, चिंताविकार आणि शारीरिक लक्षणांच्या रूपाने व्यक्त होणारे विकार आढळतात. एकाच रुग्णात नैराश्य व चिंता एकत्र असणे हे अपवादात्मक नसून नेहमीचे आहे. म्हणून संशोधक या गटाला ‘सर्वसाधारण मानसिक विकार’ असे एकत्रित नाव देतात. ‘सर्वसाधारण’ म्हणजे किरकोळ नव्हे. या विकारांमुळे रुग्णाचे कामाचे दिवस बुडतात, दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात आणि मधुमेह, उच्च रक्तदाब, क्षयरोग यांचे उपचार अर्धवट राहण्याचा धोका वाढतो.

अभ्यासाचा इतिहास : या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटनमध्ये सुरू झाला. मायकेल शेफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील जनरल प्रॅक्टिशनरांकडे नोंदलेल्या सुमारे १५,००० व्यक्तींचा अभ्यास करून १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार सुमारे १४ टक्के व्यक्तींनी वर्षभरात निदान एकदा तरी मानसिक तक्रारीसाठी सल्ला घेतला होता. यांपैकी फार थोडे जण मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचले होते. मानसिक आजारांवरील उपचारांचा खरा भार सामान्य डॉक्टरच उचलतात, हे यातून प्रथमच आकड्यांनिशी पुढे आले.

डेव्हिड गोल्डबर्ग व पीटर हक्स्ली यांनी १९८० मध्ये यातूनच पाच पातळ्या व त्यांमधील चार गाळण्यांची मांडणी केली. त्यांच्या अंदाजानुसार समाजातील दर हजार प्रौढांपैकी वर्षभरात सुमारे २५० जणांना मानसिक विकार होतो. त्यांपैकी सुमारे २३० जण कोणत्या ना कोणत्या कारणाने सामान्य डॉक्टरकडे जातात, परंतु डॉक्टर त्यांतील सुमारे १४० जणांचाच विकार ओळखतात. मनोविकारतज्ज्ञाकडे १७ आणि मनोविकार रुग्णालयात केवळ ६ जण पोहोचतात. सर्वांत मोठी गळती दवाखान्याच्या दारात होत नाही; ती डॉक्टरच्या टेबलापाशी आणि तेथून पुढे तज्ज्ञाकडे पाठवताना होते. ही आकडेवारी प्रत्येकाला नेमून दिलेला डॉक्टर असलेल्या ब्रिटिश व्यवस्थेतील आहे, त्यामुळे ती भारताला जशीच्या तशी लागू पडत नाही.

विकसनशील देशांतील पहिला मोठा पुरावा १९८० मध्ये आला. भारत, कोलंबिया, सुदान व फिलिपीन्स येथील प्राथमिक केंद्रांतील १,६२४ रुग्णांपैकी १३.९ टक्के रुग्णांना मानसिक विकार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पात आढळले. मानसिक त्रास हे श्रीमंत देशांचे दुखणे आहे, हा समज त्यामुळे मोडीत निघाला.

जागतिक पाहणी : १९९० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांतील १५ केंद्रांत समान साधने वापरून पाहणी केली. तिचा अहवाल १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे २६,००० रुग्णांची प्राथमिक चाळणी झाली आणि त्यांतून निवडलेल्या सुमारे साडेपाच हजार रुग्णांच्या सविस्तर मुलाखती घेण्यात आल्या. सर्व केंद्रे मिळून २४ टक्के रुग्णांत निदानाचे निकष पूर्ण करणारा विकार आढळला. नैराश्याचे प्रमाण १०.४ टक्के, सार्वत्रिक चिंताविकाराचे ७.९ टक्के, मद्याच्या हानिकारक सेवनाचे ३.३ टक्के आणि मद्यावलंबित्वाचे २.७ टक्के होते. आणखी सुमारे ९ टक्के रुग्णांना लक्षणांचा त्रास होता, पण त्यांची लक्षणे निकषांच्या उंबरठ्याअलीकडे राहिली.

केंद्राकेंद्रांतील तफावत फार मोठी होती. चिलीतील सांतियागो येथे निम्म्याहून अधिक रुग्ण विकारग्रस्त ठरले, तर शांघायमध्ये दहा टक्क्यांहून कमी. भारतातील बंगळूर केंद्राचे प्रमाण सरासरीच्या जवळपास, म्हणजे वीस टक्क्यांहून किंचित अधिक होते. सेवेची रचना, त्रास शब्दांत मांडण्याची रीत, गरिबी आणि अनोळखी मुलाखतकाराला खरे सांगण्याची तयारी या सर्वांचा परिणाम अशा आकड्यांवर होतो. म्हणून दोन शहरांच्या टक्केवारीतील फरक हा थेट आजारातील फरक मानता येत नाही.

समाज व दवाखाना : बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१५–१६ मध्ये १२ राज्यांत घरोघरी जाऊन राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. सर्वेक्षणाच्या वेळी, तंबाखूचे व्यसन वगळता, १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार होता. दवाखान्यातील प्रमाण सहसा याहून बरेच जास्त निघते, कारण मानसिक त्रास असलेली व्यक्ती डॉक्टरकडे अधिक वेळा जाते. शिवाय दीर्घकालीन शारीरिक आजार आणि नैराश्य हे एकमेकांना खतपाणी घालतात. त्यामुळे दवाखान्यातील टक्केवारी संपूर्ण गावाला किंवा जिल्ह्याला लावणे चूक ठरते.

गोव्यातील अभ्यास : प्राथमिक पातळीवरील मानसिक आजारांविषयी भारतातील सर्वांत सलग संशोधन गोव्यात झाले आहे. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राथमिक सेवेकडे आलेल्या ३०३ प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना सर्वसाधारण मानसिक विकार आढळला. गरिबीशी त्याचा संबंध स्पष्ट होता. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने हे काम पुढे नेले.

गोव्यातील सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या एका पाहणीतून वेगळीच गोष्ट पुढे आली. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार दवाखान्यात सामान्यतः जंतुसंसर्ग समजून हाताळली जाते. या पाहणीत मात्र त्या तक्रारीचा संसर्गापेक्षा मानसिक ताण व सामाजिक अडचणींशी अधिक दृढ संबंध दिसला. अशा स्त्रीला केवळ प्रतिजैविके देऊन परत पाठवले, तर त्रास तसाच राहतो आणि दवाखान्याची फेरी पुन्हा होते.

दारू, तंबाखू व इतर पदार्थ : व्यसनविकारांची टक्केवारी वाचताना तंबाखू धरली आहे की वगळली आहे, हे आधी पाहावे लागते. राष्ट्रीय सर्वेक्षणात तंबाखूसह व्यसनविकारांचे प्रमाण २२.४ टक्के होते, तर केवळ मद्यविकाराचे ४.६ टक्के. २०१६–१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के, महाराष्ट्रातील २६.६ टक्के आणि गोव्यातील ९.७ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. महाराष्ट्रात विडी-सिगारेटपेक्षा तंबाखू-चुना, मशेरी, खर्रा, गुटखा अशा धूरविरहित प्रकारांचा वाटा फार मोठा आहे. ‘सिगारेट ओढता का?’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरला येथील बहुतेक वापर कळणारच नाही. मशेरी लावणाऱ्या अनेक स्त्रियांच्या लेखी तर तो दात घासण्याचाच एक भाग असतो.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के भारतीय मद्य घेतात. गांजा-भांगेचे प्रमाण २.८ टक्के आणि अफूवर्गीय पदार्थांचे २.१ टक्के आहे. दारूच्या आहारी गेलेला रुग्ण दारूची तक्रार घेऊन क्वचितच येतो. तो येतो जळजळ, उलट्या, हातांची थरथर, उडालेली झोप, पडून झालेली जखम किंवा गोळ्या घेऊनही आटोक्यात न येणारा रक्तदाब घेऊन. घरातील दारूचा ताण बऱ्याचदा त्याच्या पत्नीच्या डोकेदुखीतून आणि निद्रानाशातून दवाखान्यात पोहोचतो.

निदान का चुकते : जागतिक पाहणीतील १,१४६ नैराश्यग्रस्त रुग्णांपैकी ६९ टक्के रुग्णांनी डॉक्टरकडे येण्याचे कारण म्हणून केवळ शारीरिक लक्षणे सांगितली होती. अंग ठणकणे, अशक्तपणा, छातीत धडधड, डोके जड होणे, हातापायांना मुंग्या, भूक मरणे या त्यांतील परिचित तक्रारी. गजबजलेल्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात आणि टॉनिक, वेदनाशामक गोळी, बी-कॉम्प्लेक्सची सुई किंवा झोपेची गोळी यांवर भेट आटोपते. ‘वेडाचा शिक्का’ बसण्याच्या भीतीने रुग्णही मनातले बोलत नाही.

चूक उलट दिशेनेही होते. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाचा हिशेब असा : डॉक्टरकडे आलेल्या १०० रुग्णांमागे नैराश्याचे १० रुग्ण बरोबर ओळखले जातात, १० निसटतात आणि १५ जणांना नैराश्य नसताना ते असल्याचे ठरवले जाते. म्हणून एका भेटीतील अंदाजापेक्षा दुसऱ्या भेटीतील फेरतपासणीला अधिक महत्त्व आहे.

पडताळणीची साधने : गोल्डबर्ग यांची सामान्य आरोग्य प्रश्नावली १९७२ पासून वापरात आहे, तिची १२ प्रश्नांची आवृत्ती सर्वाधिक प्रचलित आहे. ‘पीएचक्यू–९’ या नैराश्याच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात व एकूण गुण ० ते २७ असतात. १० किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करतात. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असल्याने त्याचे उत्तर एकूण गुणांपासून वेगळे पाहावे लागते. मद्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी आहे. तीत ८ किंवा अधिक गुण धोकादायक सेवन सुचवतात. विविध पदार्थांसाठी ‘असिस्ट’ ही चाचणी वापरतात. ही सर्व साधने चाळणीची आहेत. निदान मुलाखतीनंतरच होते. केवळ प्रश्नावलीवर आधारलेल्या पाहण्यांत प्रमाण फुगलेले दिसते, ते यामुळेच.

सेवा व उपचार : १९७५ च्या सुमारास चंडीगडजवळील रायपूर राणी आणि बंगळूरजवळील सकलवारा येथे प्राथमिक आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत मानसिक आरोग्यसेवा देण्याचे प्रयोग झाले. त्यांच्या आधारे १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार या सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेच्या प्रत्येक पातळीवर देणे शासनावर बंधनकारक आहे. ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तरीही राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या विकारांत उपचारांविना राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. मद्यविकारात ते सुमारे ८६ टक्के होते.

ही दरी केवळ तज्ज्ञांच्या बळावर भरून येत नाही. गोव्यातील ‘मानस’ प्रयोगात २४ केंद्रांपैकी निम्म्या केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक नेमले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी प्राथमिक केंद्रांत समुपदेशकांची मदत मिळालेल्या रुग्णांपैकी ६५.९ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीच्या सेवेत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील प्रयोगांत, गोव्यातीलच प्राथमिक केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना थोड्या बैठकांचे समुपदेशन मिळाल्यावर ६४ टक्के सावरले. तुलनेच्या गटात ३९ टक्के. हानिकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांत दारू पूर्ण बंद ठेवणाऱ्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ४२ टक्के, तर तुलनेच्या गटात १८ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर पोहोचले.

नेहमीच्या सेवेतही दहापैकी चार रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले, ही ‘मानस’मधील बाब नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्राथमिक सेवेत आढळलेल्या प्रत्येक रुग्णाला औषध लागते असे नाही. सौम्य त्रासात समजावणी व ठरावीक दिवसांनी फेरतपासणी, मध्यम त्रासात समुपदेशन, तीव्र नैराश्यात औषधे आणि आत्महत्येचा धोका किंवा गंभीर मद्यावलंबित्व असल्यास तज्ज्ञाकडे पाठवणी, असा पायरीपायरीचा क्रम यासाठी स्वीकारला जातो. मद्यावलंबी रुग्णाने दारू एकाएकी बंद केल्यास झटके येणे व वातभ्रम होणे संभवते, म्हणून त्याची दारू वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावी लागते.