कृष्णा अरबी समुद्राकडे पाठ फिरवून का वाहते? सातारा-सांगलीच्या जमिनीची साडेसहा कोटी वर्षांची गोष्ट

जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा आणि सावित्री शेजारी-शेजारी उगम पावतात, असं मानलं जातं. सावित्री पश्चिमेला उतरते आणि शंभरेक किलोमीटरमध्ये अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र उलटी फिरते. वाई, कराड, सांगली करत कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडते आणि तब्बल १,४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटरवर आहे. मग हा एवढा वळसा कशासाठी?

याचं उत्तर जमिनीखाली आहे. सांगलीचा महापूर, जतचा दुष्काळ आणि कोयनेचे धक्के, या तिन्हींची मुळंही तिथेच सापडतात.

आपली जमीन कुठून आली?

पृथ्वीचं कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचं बनलेलं आहे. या तुकड्यांना भूपट्ट किंवा टेक्टॉनिक प्लेट म्हणतात. ते वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात. आपल्या बोटांची नखं वाढतात, साधारण त्याच वेगाने.

एकेकाळी भारत, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे सगळे गोंडवन नावाच्या एकाच महाखंडात होते. तो फुटत गेला. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटला आणि भारत एकटाच उत्तरेकडे निघाला. त्याच्यापुढे टेथिस नावाचा महासागर होता.

सह्याद्रीचा दगड कुठला?

वाटेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारत पृथ्वीच्या पोटातल्या एका अतितप्त जागेवरून गेला. हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आज त्याच जागेवर आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही जागा आहे. साताऱ्यापासून हे बेट साडेचार हजार किलोमीटरहून लांब आहे. त्या जागेपासून आपण एवढं अंतर चालून आलो आहोत.

त्या वेळी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात डोंगराच्या अंगावर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे हेच थर. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तो हाच. कास पठारावरचा आणि पाचगणीच्या टेबललँडवरचा जांभा खडक याच बेसाल्टची लाखो वर्षं झीज होऊन तयार झाला.

महाबळेश्वर हे ज्वालामुखीचं तोंड होतं, असं अनेकदा ऐकू येतं. ते बरोबर नाही. लाव्हा एखाद्या शंकूसारख्या डोंगरातून नाही, तर प्रामुख्याने भेगांतून आला. म्हणूनच आपल्याकडे डोंगरमाथे सपाट आहेत.

साताऱ्याखाली समुद्र होता का?

कोयना परिसरात गोठणे इथे भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आलं. त्याचं काम २०१७ मध्ये पूर्ण झालं. वरचे सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट प्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक. मध्ये समुद्री गाळाचा थर सापडला नाही. म्हणजे लाव्हा आला तेव्हा इथे समुद्राचा तळ नव्हता, उघडी खडकाळ जमीन होती.

समुद्र आला तो पश्चिमेला, आणि तोही नंतर. लाव्हाचे उद्रेक ओसरत असतानाच आजच्या सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून तुटला. मधली फट रुंदावत गेली आणि तिथे अरबी समुद्र पसरला.

मग सह्याद्री हा पर्वत नाही?

हिमालय ज्या अर्थाने पर्वत आहे, त्या अर्थाने नाही. भारत आशियाला धडकला, टेथिस महासागर मिटला आणि त्याच्या तळाचा गाळ चुरगळून वर आला. म्हणून एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडीत समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात.

सह्याद्री हा पठाराचा तुटलेला काठ आहे. पश्चिमेची बाजू तुटून खचली, उरलेली कड उंचावली आणि झिजत-झिजत पूर्वेकडे सरकली. पुढे उरली ती कोकणपट्टी. एकाच भूपट्टाच्या उत्तर टोकाला महासागर मिटून पर्वत उभा राहिला, तर पश्चिम टोकाला नवा समुद्र उघडून कडा तयार झाला.

कडा पश्चिमेला उंच आणि पठाराचा उतार पूर्वेला. म्हणून कृष्णा पूर्वेकडे वाहते. कोयनेचं पाणी बोगद्यांतून याच कड्याखाली सोडून वीज तयार केली जाते.

याचा आज आपल्याशी काय संबंध?

पावसाचे ढग या कड्याला अडतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर जत-आटपाडीत ५०० मिलिमीटरच्या आसपास. माण-खटावचं दुखणंही तेच.

दुसरीकडे, घाटात पडलेलं पाणी कृष्णा, कोयना, वारणेतून सांगलीकडे येतं. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर, सांगलीची ५५० मीटर. सांगलीपासून समुद्र अजून हजारभर किलोमीटर दूर, त्यामुळे पुढे उतार अगदी मंद. पाणी वेगाने येतं आणि सावकाश जातं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांना इतर कारणंही होती, पण जमिनीची ठेवणही त्यांपैकी एक.

आणि कोयनेचे भूकंप?

भारतीय भूपट्ट आजही उत्तरेकडे सरकतो आहे आणि हिमालयापाशी अडतो आहे. तो ताण संपूर्ण भूपट्टात साठतो आणि जुन्या भेगांजवळ मोकळा होतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. जलाशयामुळे चालना मिळालेला हा जगातला सर्वांत मोठा भूकंप मानला जातो. ताण आधीपासूनच होता. धरणाच्या पाण्याचा भार आणि भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब यांनी त्याला वाट दिली, असं शास्त्रज्ञ सांगतात.

पुढच्या वेळी कोयनेत धक्का बसला आणि ‘सह्याद्रीत ज्वालामुखी जागा होतोय’ असा मेसेज आला, तर पुढे पाठवू नका. ती अतितप्त जागा कधीच मागे पडली आहे. पण भूकंपाचा धोका खरा आहे. कोयना आणि आसपासच्या भागात घर बांधताना ते भूकंपरोधक आहे ना, हे मात्र आवर्जून विचारा.