पहिल्या काळ्या शीची गोष्ट

मंडळी, विषय जरा विचित्र आहे, जेवताना वाचू नका!

बाळंतिणीच्या खोलीत वावरलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं, की बाळाची पहिली शी डांबरासारखी काळी नि चिकट असते. डॉक्टर तिला मेकोनियम म्हणतात. ती पोटात महिनोन् महिने साठत जाते, म्हणून आईनं घेतलेल्या औषधांच्या खुणाही तिच्यात राहतात. लघवीत मात्र बहुतेक औषधं थोड्याच दिवसांत दिसेनाशी होतात. हे हेरून अमेरिकेत डेट्रॉइटच्या डॉ. एन्रिके ओस्ट्रिया यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी शीची तपासणी सुरू केली. १९९२ साली त्यांनी ३०१० बाळांचे निष्कर्ष छापले. ४४ टक्के बाळांत कोकेन, मॉर्फिन किंवा गांजाचा अंश सापडला. कबुली दिलेल्या आया होत्या फक्त ११ टक्के.

आया खोटं का बोलल्या? चार्ल्सटन शहराकडे पाहा. तिथल्या सरकारी रुग्णालयात १९८९ पासून काही गरोदर बायकांची लघवी कोकेनसाठी तपासून अहवाल पोलिसांकडे जात होता. अटक झालेल्या ३० जणींपैकी २९ कृष्णवर्णीय होत्या. २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं, की पोलिसांसाठी संमतीशिवाय अशी तपासणी करणं म्हणजे घटनेविरुद्ध घेतलेली झडतीच. एवढं कळायला बारा वर्षं लागावीत! मला विचाराल तर, जी बाई दवाखान्याला भ्यायली, तिच्या बाळाचं काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडायला हवा होता.

असो. आता पेच वेगळा आहे. गुंगीच्या जुन्या गोळ्यांच्या रेणूत किंचित फेरफार करून फ्लुअल्प्राझोलाम, ब्रोमाझोलाम अशी नवी नावं बाजारात आली. प्राथमिक चाचणी "काहीतरी आहे" म्हणते, पण पक्क्या तपासणीच्या यंत्राला दिलेल्या यादीत ते नाव नसेल, तर अहवाल "नाही" असा येऊ शकतो. यंत्र बिचारं सांगितलेलंच शोधणार. एटिझोलामचा प्रकार तर आणखी मजेशीर. जपानमध्ये तयार झालेलं हे औषध आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, माझ्या वयाच्या कितीतरी जणांच्या गोळ्यांच्या डबीत ते असेल. अमेरिकेनं जुलै २०२३ मध्ये ते तात्पुरतं सर्वांत कडक बंदीच्या यादीत टाकलं.

शीचा पक्का अहवाल यायला काही दिवस जातात. तोवर बाळ थरथरतं, किंचाळून रडतं, नीट पीत नाही. परिचारिका दिवे मंद करतात, त्याला घट्ट गुंडाळून कुशीत घेऊन बसतात.